१९५३ ची सुदानची निवडणूक : इजिप्तशी एकी मागणारे जिंकले आणि देश मात्र स्वतंत्र झाला, हे कसं काय?

रात्रपाळी

मंडळी, जरा मदत हवीये. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीची तयारी चालू आहे आणि त्या निमित्ताने आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यावर वाचत होतो. जिथे बघावं तिथे १९५१-५२ च्या निवडणुकीवर पानंच्या पानं आणि शेवटी एक ओळ, की नंतर त्यांनी सुदानची पहिली निवडणूक पण घेतली. बास. म्हणजे आपली स्वतःची पहिली निवडणूक होऊन दीड-दोन वर्षं झाली नाहीत तोवर माणूस दुसऱ्या खंडात जाऊन निवडणूक घेतोय, आणि त्याबद्दल कुणाला दोन वाक्यं जास्त लिहावीशी वाटत नाहीत, कमाल आहे.

मग मी जरा खोदकाम केलं तर अजूनच गोंधळ झाला. त्या निवडणुकीत ९७ पैकी ५१ जागा मिळवून जो पक्ष जिंकला, नॅशनल युनियनिस्ट पार्टी, त्याचा कार्यक्रमच मुळी इजिप्तशी एकीकरण हा होता. आणि 'सुदान सुदानी लोकांचा' म्हणणारा उम्मा पक्ष २२ वर आटपला. बरोबर? मग १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र कसा झाला, आणि तोही त्याच जिंकलेल्या पक्षाचा पंतप्रधान इस्माईल अल-अझहरी खुर्चीवर असताना? लोकांनी मत दिलं एकाला आणि पदरात पडलं भलतंच, की मलाच काही कळत नाहीये? आणि मुळात भारतीय माणूस का? ब्रिटिशांना दुसरं कुणी मिळालं नाही का?

कुणी खार्टूमला राहिलेलं असेल, इतिहासवाले असतील, तर सांगा राव. पाठ करायला नकोय, समजून घ्यायचंय.

नाईलकाठचा

कंपनीच्या कामासाठी खार्टूममध्ये बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे राहवत नाही. चहा घेऊन बसा, मोठं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, सुदानचे मालक कागदावर दोन होते. १८९८ ला इंग्रज सेनापती किचनेरने ओमदुर्मानच्या लढाईत महदीचं (स्वतःला तारणहार म्हणवणाऱ्या सुदानी धर्मनेत्याने उभं केलेलं) राज्य संपवलं आणि १८९९ पासून ब्रिटन आणि इजिप्त यांचा संयुक्त कारभार सुरू झाला. झेंडे दोन फडकायचे पण गव्हर्नर-जनरल कायम इंग्रज. आणि गंमत म्हणजे इजिप्तवरच तेव्हा इंग्रजांचा वरवंटा होता, म्हणजे भागीदारी नावापुरतीच. पण इजिप्तने हक्क कधी सोडला नाही. कारण काय, तर नाईल. १९२९ च्या करारात इजिप्तला वर्षाला ४८ अब्ज घनमीटर पाणी आणि सुदानला ४, यावरून काय ते समजून घ्या. १९५१ मध्ये तर राजा फारूकने स्वतःला 'इजिप्त आणि सुदानचा राजा' जाहीर करून टाकलं होतं.

मग जुलै १९५२ ला कैरोत लष्कराने फारूकला घालवलं आणि जनरल नगीब पुढे आले. हा माणूस महत्त्वाचा, कारण जन्म खार्टूमचा, आजोळ सुदानी, शिक्षण तिथल्याच गॉर्डन कॉलेजात. नगीबने एक भारी चाल खेळली, आम्हाला सुदान द्या हे म्हणायचं सोडून दिलं आणि म्हणाले सुदान्यांनाच ठरवू द्या. आता इंग्रज गेली कित्येक वर्षं इजिप्तला हेच ऐकवत होते की आम्ही सुदानी जनतेच्या इच्छेसाठी थांबलोय, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. १२ फेब्रुवारी १९५३ ला करार झाला, तीन वर्षांच्या आत स्वयंशासन आणि मग सुदान्यांनी ठरवायचं, इजिप्तशी जोडायचं की पूर्ण स्वतंत्र व्हायचं.

भारतीय का, याचं उत्तर त्याच करारात आहे. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, मग मतदान घेणार कोण? सात जणांचा आयोग ठरला, ३ सुदानी, १ इजिप्तचा, १ ब्रिटिश, १ अमेरिकन आणि १ भारतीय, आणि अध्यक्ष भारतीय. म्हणजे ब्रिटिशांना दुसरं कुणी मिळालं नाही असं नव्हे, इजिप्तलाही चालेल आणि ब्रिटनलाही चालेल असा माणूस हवा होता. आणि आता मजा बघा, गव्हर्नर-जनरलच्या अधिकारांवर लक्ष ठेवायला जो दुसरा आयोग नेमला त्याचा अध्यक्ष पाकिस्तानी, मियाँ झियाउद्दीन. फाळणीला सहा वर्षं झालेली नाहीत आणि खार्टूममध्ये एका कमिटीवर भारत आणि दुसऱ्या कमिटीवर पाकिस्तान.

आता तुमचा मेन प्रश्न. पक्षांची नावं बघून कोडं सुटणार नाही, मागे दोन घराणी आहेत ती बघा. उम्मामागे सय्यद अब्द अल-रहमान अल-महदी, म्हणजे ज्या महदीने १८८५ ला खार्टूम घेतलं आणि ज्याच्या माणसांनी इंग्रज जनरल गॉर्डनला मारलं त्याचा मुलगा, बाप गेल्यानंतर जन्मलेला. अनुयायी 'अन्सार'. दुसरीकडे सय्यद अली अल-मीरघनी, 'खतमिया' या सूफी पंथाचे प्रमुख. महदीच्या राज्यात खतमियावाल्यांचे फार हाल झाले, मीरघनी घराणं इजिप्तमध्ये पळून गेलं आणि किचनेरच्या मागोमाग परत आलं. हे वैर दोन पिढ्या मुरलेलं. (दोघांनाही इंग्रजांनी 'सर' करून ठेवलं होतं, ते एक असोच.)

आता खतमियाच्या माणसाच्या जागी उभं राहून विचार करा. 'सुदान सुदान्यांचा' ही घोषणा कानावर पडली की त्याला स्वातंत्र्य ऐकूच येत नव्हतं. इंग्रज गेले की महदीचा मुलगा मुकुट घालून बसणार, एवढंच ऐकू यायचं. ही भीती हवेतली नव्हती, राजेपदाची इच्छा सय्यद अब्द अल-रहमान यांच्या मनात आहे हे त्या काळी सगळ्या खार्टूमला माहीत होतं. वर उम्मावर 'इंग्रजांचे मित्र' असा शिक्का. मग महदी राजा नको आणि इंग्रजही नको असं वाटणाऱ्याने जायचं कुठे? युनियनिस्टांकडे. शहरातला शिकलेला तरुण, सरकारी कारकून, शिक्षक, त्यांनाही तोच रस्ता. इजिप्त हे त्यांच्या हातातलं दांडकं होतं, घर नव्हतं.

म्हणून ५१ जागा म्हणजे इजिप्तला ५१ मतं, असं वाचूच नका.

खडकीकर

वरचा प्रतिसाद एक नंबर. मी फक्त आपल्या गावचा धागा जोडतो.

पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएच्या (लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) दारावरून शंभर वेळा गेला असाल, तिथल्या त्या घुमटवाल्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बचावासाठी भारतीय सैनिक लढले, इटालियन लोक इरिट्रिया आणि इथिओपियातून आत शिरत होते. त्याची आठवण म्हणून सुदानच्या सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यातले ७० हजार आले आणि ते या इमारतीत लागले. १९५९ ला उद्घाटन सुदानच्या राजदूतांच्या हस्ते.

आणि खडकीचा अभिमान, बॉम्बे सॅपर्सचे (लष्करातले इंजिनिअर) सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. सुदानच्या सरहद्दीवर गल्लाबात-मेतेम्माच्या पट्ट्यात सलग काही दिवस सुरुंग काढत पुढे गेले, गाडी उडाली, कानाचे पडदे फाटले तरी थांबले नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस. म्हणजे १९५३ ला भारतीय माणूस अध्यक्ष म्हणून आला तेव्हा सुदानात भारताचं नाव काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. ओमदुर्मानच्या बाजारात गुजराती व्यापारी तर त्याच्याही आधीपासून.

रात्रपाळी

वा! खडकीकर, सुदान ब्लॉक ऐकून होतो पण पैशाची गोष्ट नवीन.

नाईलकाठचे दादा, चित्र स्पष्ट झालं. पण प्रत्यक्ष मतदान कसं घेतलं असेल? वाळवंट, दलदल, लिहिता-वाचता येणारे मूठभर, याद्या कुठून आणल्या?

निवृत्त केंद्राध्यक्ष

याद्यांचं म्हणाल तर सुदानची पहिली जनगणनाच मुळी १९५५-५६ ला झाली, निवडणुकीनंतर! लोकसंख्या एक कोटीच्या आसपास भरली. म्हणजे सेनसाहेबांनी मतदारसंघ आखले ते अंदाजावर. आणि देश केवढा, २५ लाख चौरस किलोमीटर, तेव्हा आफ्रिकेतला सगळ्यात मोठा.

मी शिक्षक होतो, निवडणुकीची ड्युटी जन्मभर केली. आदल्या दिवशी तहसीलला साहित्य घ्यायचं, यादी, शाई, लाख, सुतळी, बिनकामाचे पंचवीस फॉर्म, एसटीत कोंबून गावात जायचं, शाळेत सतरंजीवर झोपायचं आणि पहाटे पाचला उठून पेटी सील करायची. एक सुतळी कमी पडली तर घाम फुटायचा. त्यामुळे असल्या देशात हे कसं केलं असेल याचं मला भाषणांपेक्षा जास्त कुतूहल.

सेन गणिताचे माणूस, लंडन विद्यापीठाचं सुवर्णपदक, मग आयसीएस, मग पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. आपल्याकडे सतरा कोटींच्या वर मतदार, त्यातले शंभरात पंच्याऐंशी निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर निशाणी, कागदावर शिक्का वगैरे काही मारायचा नाही, आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकली की झालं. पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यातही बनल्या. आणि तेच सेन एका बाबतीत कडक. उत्तरेत बऱ्याच बायकांनी नावच सांगितलं नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको असं लिहून घेतलं, ती जवळपास २८ लाख नावं त्यांनी यादीतून उडवली. बोंबाबोंब झाली पण म्हणाले पुढच्या वेळी नाव सांगतील.

सुदानात सगळीकडे एकच पद्धत लावली नाही, तोच शहाणपणा. शहरं आणि नाईलकाठची वस्ती, जिथे माणूस एका जागी सापडतो, तिथे थेट मतदान. गुरं-उंट घेऊन फिरणाऱ्या टोळ्या आणि दुर्गम भागात अप्रत्यक्ष, म्हणजे लोकांनी आधी आपले प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी खासदार. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा कल अप्रत्यक्षकडे जास्त होता. उघड आहे, अप्रत्यक्षमध्ये टोळीचा शेख सांगेल ते होतं आणि शेख कुणाच्या मर्जीतला हे सांगायला नको. आयोगाने थेट मतदानाच्या जागा वाढवल्या. शिवाय पदवीधर मतदारसंघ, ५ जागा, त्याला पदवी लागत नव्हती, माध्यमिक शिक्षण पुरे. तिथून एक डावा पण निवडून आला, साम्राज्यवादविरोधी आघाडीचा हसन ताहिर झर्रूक, त्यांची सभागृहातली एकमेव जागा.

पाऊस संपून रस्ते उघडल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मतदान उरकलं.

शंकेखोर

सगळं छान छान चाललंय. पण इजिप्तने पैसा ओतला होता त्याचं काय? आयोगाच्या अध्यक्षाला ते दिसलं नाही का? की नेहरू-नगीब दोस्तीमुळे डोळेझाक?

नाईलकाठचा

शंका रास्त आहे, पण टाळी एका हाताने वाजत नव्हती.

इजिप्तने पैसा ओतला, रेडिओवरून प्रचार केला, हे खरंच. ब्रिटनने त्याबद्दल जाहीर तक्रारही केली. नॅशनल युनियनिस्ट पार्टीची मोटच मुळी १९५२ च्या अखेरीस कैरोत नगीबच्या देखरेखीखाली बांधली गेली, आधी पाच-सहा छोटे गट एकमेकांची तोंडं बघत नव्हते. आणि मेजर सलाह सालेम! नगीबच्या मंडळातला सुदान खात्याचा माणूस. दक्षिण सुदानात गेला आणि तिथल्या लोकांबरोबर कपडे काढून फक्त चड्डीवर नाचला. फोटो जगभर छापून आले, इंग्रजी पेपरांनी 'नाचणारा मेजर' म्हणून टिंगल केली.

पण इंग्रज काय हातावर हात धरून बसले होते? प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टर त्यांचा, पोलीस त्यांचे, टोळीप्रमुखांचे पगार-मानमरातब त्यांच्या हातात. टोळीप्रमुखांची एक सोशलिस्ट रिपब्लिकन पार्टी निघाली होती, तिच्यावर इंग्रज अधिकाऱ्यांची बरीच आशा होती, ती ३ जागांवर आली. जिल्हा सांभाळणाऱ्या सरकारला स्वतःचीच माणसं निवडून आणता आली नाहीत, तर यंत्रणा अगदीच कुणाच्या खिशात नव्हती असं मी तरी म्हणेन. उम्मावाले निकालावर खवळले, पण निकाल टिकला.

खवळले म्हणजे किती, तर १ मार्च १९५४ चा किस्सा. नवीन संसदेचं थाटात उद्घाटन, पाहुणे नगीब आणि ब्रिटनचे मंत्री सेल्विन लॉइड. आता नगीब स्वतः दोन-चार दिवसांपूर्वीच कैरोत खुर्ची गमावून परत मिळवून आलेले, त्यांच्याच लष्करी मंडळातल्या नासरशी जुंपलेली. विमान उतरलं तर अन्सार हजारोंनी शहरात शिरलेले, देशभरातून आलेले, 'इजिप्त नको' म्हणून ओरडत. गव्हर्नर-जनरलच्या राजवाड्याजवळ पोलिसांशी भिडले, मारामारीत कितीतरी माणसं मेली, पोलिसांचा इंग्रज प्रमुखही त्यात गेला. उद्घाटन रद्द, संसद भरली १० तारखेला. अझहरींनी त्या दिवशी काय ते ओळखलं असणार. ५१ जागांच्या जोरावर इजिप्तशी जोडायला गेलो तर यादवी.

त्यात नोव्हेंबर १९५४ ला नासरने नगीबला काढून नजरकैदेत टाकलं. सुदान्यांच्या दृष्टीने कैरोत आपला म्हणावा असा एकच माणूस होता, तोही गेला. एकीकरणातला उरलासुरला जीव तिथेच संपला. वर नाईलच्या पाण्यावर बोलणी सुरू झाली आणि अझहरींच्या लक्षात आलं की कैरो सुदानला भाऊ नाही, वरच्या अंगाचा शेतकरी समजतोय, ज्याने पाणी अडवू नये. १९५५ उजाडेपर्यंत अझहरी उघड स्वातंत्र्याचं बोलायला लागले. एप्रिलमध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिका परिषदेला गेले तेव्हा देशाला झेंडा नव्हता, आणि नेहरूंनी रुमालावर सुदान लिहून पुढे ठेवला अशी गोष्ट तिथे आजही सांगतात.

सुमेधा_ठाणे

सगळे पुरुष मंडळी असल्यामुळे की काय, दोन गोष्टी राहिल्याच.

पहिली, बायका. १९५३ ला मतदारसंघांमध्ये मत फक्त पुरुषांना. अपवाद तोच पदवीधर मतदारसंघ, तिथे माध्यमिक शिक्षण झालेल्या बायकांना मत होतं, पण अशा होत्या किती! गंमत म्हणजे ज्या माणसाने आपल्याकडे स्वतःचं नाव सांगा म्हणून बायकांना अडवलं त्याच माणसाच्या अध्यक्षतेखाली. त्याला दोष नाही, नियम करारातून आलेले. पण आधीच्याच वर्षी, १९५२ ला, सुदानी महिला संघ स्थापन झाला होता आणि त्यातल्या फातिमा अहमद इब्राहिम १९६५ ला पहिल्या महिला खासदार झाल्या. म्हणजे मागणी नव्हती असं कुणी म्हणू नये.

दुसरी, दक्षिण. जानेवारी १९५३ ला कैरोत इजिप्तने सुदानी पक्षांशी बोलणी केली त्यात उत्तरेचे सगळे होते आणि दक्षिणेचं कुणीही नव्हतं. बोलावलंच नाही. निवडणुकीत मात्र सगळे तिकडे जाऊन आश्वासनं देत सुटले, इंग्रज गेले की वरच्या जागा तुमच्या. सदर्न पार्टीला ९ जागा मिळाल्या, काही दक्षिणी लोक युनियनिस्टांकडूनही निवडून आले. मग १९५४ ला इंग्रजांच्या सुमारे ८०० जागा सुदान्यांना वाटल्या त्यात दक्षिणेच्या वाट्याला आल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. निवडणुकीत ऐकलेलं अजून कानात असताना. १८ ऑगस्ट १९५५ ला तोरितमध्ये दक्षिणी सैनिकांनी बंड केलं, स्वातंत्र्याच्या चार महिने आधी. पुढचं सगळं रक्त तिथून वाहायला लागलं ते २०११ ला दक्षिण सुदान वेगळा होईपर्यंत.

स्वातंत्र्याचा ठराव संसदेत एकमताने झाला हे फार कौतुकाने सांगतात. दक्षिणेच्या खासदारांनी हात वर केला कारण संघराज्याच्या मागणीचा पूर्ण विचार करू असा शब्द दिला होता. तो पुढे गुंडाळून ठेवला.

रात्रपाळी

ताई, हे खरंच कुठे वाचलं नव्हतं. एकच शेवटचं, ठरावाच्या आधी सार्वमत वगैरे घ्यायचं ठरलं होतं ना? ते कुठे गेलं? आणि अझहरींचं पुढे काय झालं?

नाईलकाठचा

घ्यायचं होतं, पण सगळ्यांनाच घाई झाली. डिसेंबर १९५५ च्या सुरुवातीला दोन्ही सय्यद भेटले, जे कधी एका खोलीत बसत नव्हते ते, आणि १९ तारखेला संसदेने सरळ ठराव केला. ठराव मांडला उम्माच्या खासदाराने आणि अनुमोदन युनियनिस्ट खासदाराचं, हे मुद्दाम जमवलेलं. १ जानेवारीला झेंडा चढवला तोही दोघांनी, पंतप्रधान अझहरी आणि विरोधी पक्षनेते महजूब. निळा-पिवळा-हिरवा झेंडा होता तेव्हा, आत्ताचा नंतरचा.

अझहरी मात्र सहा महिन्यांत पडले. महदी राजा होण्याची भीती संपली तसं मीरघनींना अझहरींचं ओझं वाटायला लागलं, त्यांची माणसं फुटून पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी निघाली आणि तिने चक्क उम्माबरोबर सरकार बनवलं. जुलै १९५६ ला उम्माचे अब्दुल्ला खलील पंतप्रधान. म्हणजे ज्या वैरातून १९५३ ची सगळी मतं पडली ती दोन घराणी अडीच वर्षांत एका टेबलावर. १९५८ ला परत निवडणूक झाली, परत तेच सरकार, आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला जनरल अब्बूद रणगाडे घेऊन आले, खलील यांनीच बोलावलं असं म्हणणारे तिथे खूप.

निवृत्त केंद्राध्यक्ष

आणि आमचे सेनसाहेब तोवर इथे परत येऊन १९५७ ची दुसरी निवडणूक घेऊन मोकळे. जुन्या पेट्या फेकल्या नाहीत म्हणे, त्याच परत वापरल्या. मुलाखतीत हे सांग, पॅनेलवाल्यांना बचत फार आवडते.